हेराल्डला डिस्क ब्रेक बसवताना

रत्नागिरीजवळ आरेवारेचा उतार उतरताना अण्णांची हेराल्ड गाडी ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढायला लागली, तेव्हा शेजारी माझी मुलगी बसली होती. गाडी थांबली, पण मला थांबवायची होती तिथे नाही, रस्त्याची पांढरी पट्टी ओलांडून. वर्षभर मी या गाडीसाठी जोडीचे कार्ब्युरेटर शोधत होतो, इंजिनाचा जोर वाढवायला. त्या संध्याकाळी तो विचार सोडला. आधी ब्रेक, बाकी सगळं नंतर.

गाडी १९६५ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, ९४८ सीसी. मद्रासच्या कारखान्यात ही गाडी १९६१पासून बनू लागली. मूळची ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीची हेराल्ड, रेखाटन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तींचं. हेराल्डची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी आणि बॉडी वरून बोल्टने कसलेली. त्याच चासीच्या आराखड्यावरून १९६२ साली ट्रायम्फने स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली, तीही मिकेलोत्तींच्याच हातची. त्यामुळे स्पिटफायरचे पुढचे डिस्क ब्रेक हेराल्डला बसतात. चासी कापावी लागत नाही, वेल्डिंग नाही, आणि उद्या कुणाला जुने ड्रम ब्रेक परत बसवावेसे वाटले तर तेही जमतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अण्णांची गाडी माझ्या हातून कायमची बिघडता कामा नये.

कामाला हात घालण्याआधी कागद पाहिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील आणि कारखान्याने ठरवून दिलेलं मूळ रूप यांच्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. म्हणून दुसरं इंजिन टाकायचं नाही आणि छप्पर काढून उघडी गाडी करायची नाही, हे ठरलं. हेराल्डचं छप्पर बोल्ट काढले की निघतं, मोह होतोच. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, ‘व्हीए’ अक्षरं असलेल्या नंबराचे. पण त्यासाठी चासी, बॉडी, इंजिन मूळचं लागतं, आणि गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मला मुलीला घेऊन रविवारी गणपतीपुळ्याला जायचं असतं. म्हणून नेहमीचीच नोंदणी ठेवली, दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करायचं.

गणपती गेले आणि काम सुरू केलं. बॉडी उचलली तेव्हा खरा प्रकार कळला. चासीच्या बाजूचे आडवे हात बाहेरून काळेभोर, धडधाकट दिसत होते. मेस्त्रींनी हातोडीच्या मागच्या टोकाने नुसतं टोकलं तर टोक आत गेलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले महिने खारा वारा. पत्रा आतूनच खाल्लेला होता. चार हात नवे करून लावले. मग मिरकरवाड्याला होड्यांचा रंग मिळतो तिथून इपॉक्सी प्रायमर आणला. असल्या काही प्रायमरच्या हार्डनरमध्ये काजूच्या टरफलांच्या तेलापासून काढलेलं द्रव्य असतं, हे मला तिथेच कळलं. आपल्याकडे होडीच्या लाकडाला काजूचं तेल लावतात, तेच वेगळ्या रूपाने चासीवर! रंगाऱ्याने एकच गोष्ट बजावली: लोखंड गोड्या पाण्याने धुऊन पुरतं वाळल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. मीठ खाली राहिलं की रंग फुगतो. निम्म्याहून जास्त खर्च या चासीवरच झाला, आणि तो वाया गेला असं मला एकदाही वाटलं नाही.

आता ट्रनियन. हेराल्ड किंवा स्पिटफायर असलेल्या प्रत्येकाने हे नीट वाचावं. पुढच्या चाकामागे एक उभा लिंक, म्हणजे चाक धरणारा पोलादी दांडा, असतो. त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी ठोकळ्यात फिरतात. स्टिअरिंग वळवलं की हे आटे वळतात, चाकाचा सगळा भार तिथे. आमचे मेस्त्री तरुणपणी मुंबईत याच गाड्यांवर काम शिकले. त्यांनी लिंक सोडवला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. “दादा, नख फिरवा.” आट्यांच्या वरच्या कडेला खाच लागली, गंजाने कोरलेली. आत वाळून खडखडीत झालेलं ग्रीस होतं. “ही ऑइल पिते, ग्रीस खात नाय. कुणीतरी वर्षानुवर्षं ग्रीस मारलंय.” ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी शिरतं, पोलाद गंजतं, आणि एक दिवस लिंक तुटून चाक आडवं होतं. तिथे नव्वद नंबरचं गिअर ऑइलच लागतं. डिस्कच्या संचाबरोबर उभे लिंक नवेच आले होते, ट्रनियनही नवे घेतले. डाव्या-उजव्या बाजूच्या आट्यांची दिशा उलट असते, अदलाबदल होऊ नये म्हणून मी दोन्हींवर खडूने खुणा केल्या.

गाडी डावीकडे का ओढत होती तेही सापडलं. उजव्या चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग, गंजून अडकला होता, म्हणजे पुढे एकच चाक ब्रेक धरत होतं. ब्रेकच्या नळ्या पोलादाऐवजी तांबं-निकेलच्या टाकल्या, खाऱ्या हवेत त्या टिकतात. डिस्कला ब्रेकचं तेल जास्त लागतं म्हणून पेडलजवळचा, तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही बदलला. मागे ड्रमच ठेवले.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवणं एका दिवसाचं काम. गाडी पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, ती निगेटिव्ह केली, कॉइलच्या वायरी उलटवल्या, झालं.

ब्रेकची हवा काढायला मुलगी बसली. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, त्यामुळे टायरवर बसून काम करता येतं. मी नळीचं टोक कोकम सरबताच्या बाटलीत सोडलं. “दाब. धर. सोड.” बुडबुडे येत राहिले, बारीक होत गेले. तासाभराने नुसतं स्वच्छ तेल आलं. ती म्हणाली, “बाबा, आता पेडल कडक लागतंय.”

शिमग्याची पालखी घरी येऊन गेली, दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा आरेवारेला गेलो. त्याच उतारावर ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली, वळणाच्या बऱ्याच अलीकडे. मी ते आणखी दोनदा केलं, आणि मग मुलीने खाली उतरून समुद्र बघितला.

घरी आल्यावर चाकांवर आणि खाली गोड्या पाण्याची नळी धरली. गाडी वाळू दिली, आणि दोन्ही ट्रनियनमध्ये ऑइल गनने नव्वद नंबरचं तेल भरलं, कडेने थेंब गळेपर्यंत.