बब्बरची शेपटी

मॉस्कोहून निघून साडेतीन दिवस झाले होते. ५,१८५ किलोमीटर लोळत, डब्याच्या टोकाच्या बंबातलं गरम पाणी घेऊन चहा करत आम्ही दोघी बहिणी सैबेरियातल्या इर्कुत्स्कला उतरलो, तर फलाटच हलतोय असं वाटलं. इथलं घड्याळ मॉस्कोच्या पाच तास पुढे. पोटाला कुणी कळवलं नव्हतं. दुपारी एकला आम्ही नाश्ता शोधत होतो.

पुढची गाडी रात्रीची. ट्रामने अंगारा नदी ओलांडून गावात गेलो. बैकल सरोवरात तीनशेहून जास्त नद्या येऊन मिळतात, बाहेर पडते ती ही एकटीच. म्हणूनच तिथल्या कथेत ती बापाचं घर सोडून येनिसे नदीकडे पळालेली लेक आहे.

१८७९ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. तरी लाकडी घरं अजून गल्लोगल्ली आहेत, खिडक्यांना लेस लावल्यासारखं कोरीवकाम. रस्ते वर चढत गेले आणि घरं खाली बसत गेली, त्यामुळे काही खिडक्या थेट गुडघ्याशी. एकीतून मांजर आमच्या चपला न्याहाळत होतं.

आणि मग तो दिसला, ब्राँझचा बाब्र. तोंडात सेबल, म्हणजे ज्याच्या कातड्यासाठी रशियाने सैबेरिया पालथा घातला तो छोटा प्राणी. बाब्र म्हणजे वाघ. मूळ फारसी शब्द, आपल्याकडच्या बब्बर शेराचा सख्खा नातेवाईक. पण १८७८ मध्ये इथल्या प्रांताचं मानचिन्ह नव्याने ठरवताना पीटर्सबर्गच्या कचेरीत ‘बाब्र’चा ‘बोब्र’ झाला. बोब्र म्हणजे बीव्हर. चित्रकारांनी कुणालाच दुखवलं नाही: वाघाला बीव्हरची चपटी शेपटी आणि मागच्या पायांच्या बोटांमध्ये कातडीचे पडदे लावून दिले. ते जनावर आजही मानचिन्हावर रुबाबात उभं आहे.

“आपल्या रेशनकार्डावरच्या नावासारखं झालंय याचं,” ताई म्हणाली. तिचं नाव तिथे तीस वर्षं चुकीचं आहे. तिने लगेच बाब्रचा चुंबक घेतला, भावही न करता.

झारविरुद्ध झालेल्या १८२५ च्या डिसेंबरमधल्या बंडातल्या हद्दपारांपैकी वोल्कोन्स्कींचं घर, तिथला उभट पियानो, सगळं धावतपळत पाहिलं. खरं तर त्यालाच दिवस द्यायला हवा होता.

रात्री समोरच्या बर्थवरच्या आजींना चुंबक दाखवला. “बाब्र!” त्या खुश.

“बब्बर!” आम्ही.

इथे दोन्ही बाजूंची भाषा संपली. आजींनी पिशवीतून तीन उकडलेली अंडी काढली आणि मिठाची पुडी उलगडली.