आईचे हात

आईला चिकुनगुन्या होऊन आज २३ दिवस झाले. ताप चारच दिवस होता, तो कधीच गेला, पण आज सकाळी परत तिला धरून उठवावं लागलं. पलंगाच्या कडेला बसते, पाय खाली टेकवते आणि तशीच थांबते कारण घोट्यात कळ जाते, मग कमरेत वाकून भिंतीला धरत धरत न्हाणीपर्यंत. चिकुनगुन्या हा शब्द टांझानियाकडच्या माकोंडे भाषेतला, तिकडं १९५२ ला साथ आली होती, आणि अर्थ म्हणे वाकून जाणं. हे वाचलं आणि मी तिच्याकडं नुसती बघत बसले.

सुरुवातीला १०३ ताप, थंडी, मग अंगावर लाल पुरळ. डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत पॅरासिटामॉल सोडून दुसरी पेनकिलर द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढू शकतो म्हणून. चिकुनगुन्याच्या व्हायरसवर वेगळं औषधच नाही.

आता येणारा जाणारा म्हणतो, ताप गेला ना, मग झालं की बरं. काय बरं झालं? काल तिनं ऐकलंच नाही, परात ओढली, ज्वारीचं पीठ कसंबसं मळलं आणि थापायला गेली तर बोटं सरळच होईनात, दोन थापा तळव्यानं मारल्या, भाकरी एका बाजूनं फाटली. मग हात पुसले आणि गप उठली. आयुष्यभर कागदासारख्या कडक भाकऱ्या करणारी बाई आहे ती. मला लई रडू आलं. सांधे कधी कधी महिनोन्‌महिने दुखतात हे तिला अजून सांगितलं नाही.

आत्या बार्शीची, ती म्हणाली आमच्या गावात १९७३ लाच येऊन गेलाय हा आजार. खरंच आहे ते, नंतर बरीच वर्षं देशात शांत होतं आणि २००५-०६ ला परत उसळला.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, मग साठवल्याशिवाय कसं भागणार? मागच्या निळ्या बॅरलचं झाकण फुटलंय, बॅटरी मारली तर आत अळ्या वळवळत होत्या. हा आजार पसरवणारा डास जास्त करून स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, आम्ही मात्र रात्री मच्छरदाणी लावून निवांत. बॅरल नुसता पालथा करून पण उपयोग नाही, अंडी कडेला चिकटून कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून आज काथ्यानं आतून खरवडून घासला आणि जुनं धोतर ताणून बांधलं.

उद्या पाणी सुटणारे, त्याआधी रांजण पण घासून घ्यायचाय.