केबलवाला आणि परग्रहावरचे भाडेकरू

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या केबलवर स्टार वर्ल्ड सगळ्यात तळाला असायचं. सोलापुरात चॅनलांचा क्रम लावणं म्हणजे लग्नातला मानपान सांभाळणं. बहुतेक घरांत जुने टीव्ही, बाराच बटणांचे. त्या बारांत दूरदर्शन, झी, सोनी, स्टार प्लस बसवायचं. पूर्व भागातल्या तेलुगू घरांसाठी जेमिनी आणि ईटीव्ही, कन्नड घरांसाठी उदया. शिवाय आमचा स्वतःचा सिनेमे लावायचा चॅनल. जेमिनीवर मुंग्या आल्या की साखर पेठेतून फोन, उदया गेलं की माणूस थेट जिन्यात. स्टार वर्ल्ड मात्र दिवसभर काळं पडलं तरी कुणी हूं की चूं करत नसे.

म्हणून ते माझं. आमची कंट्रोल रूम म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. बाहेर डिश, आत घडवंचीवर रिसीव्हर आणि मॉड्युलेटर, आणि प्रत्येक चॅनल नीट जातोय की नाही हे बघायला एक छोटा टीव्ही. माझं काम आळीपाळीने सगळे चॅनल बघत बसायचं. उन्हाळ्यात त्या खोलीत अंगावर बनियनसुद्धा नकोसं व्हायचं. अशा खोलीत मला ‘थर्ड रॉक फ्रॉम द सन’ भेटलं.

इंग्रजी तेव्हा निम्मं कळायचं. पण त्या मालिकेतल्या माणसांनाही माणसांचं निम्मंच कळत होतं, त्यामुळे आमचं जमलं. परग्रहावरचे चौघे माणसाचं रूप घेऊन अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावात येऊन राहतात. पथकाचा प्रमुख डिक, म्हणजे जॉन लिथगो, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होऊन बसतो. सुरक्षा अधिकाऱ्याला बाई व्हावं लागतं, कारण कुणी बाई व्हायचं ते ठरवताना तो हरला. चौघांत वयाने सगळ्यात मोठा जो, त्याच्या वाट्याला पोरगेल्या मुलाचं शरीर येतं, आणि दाढी न फुटलेल्या तोंडाने त्याला शाळेत जावं लागतं. चौथा हॅरी. त्याच्या डोक्यात चिप आहे. वरून निरोप आला की तो मध्येच ताठ होतो, हात बाहेर फेकतो आणि साहेबाचा निरोप बोलून दाखवतो. साहेबाचं नाव बिग जायंट हेड.

हॅरी बघून मला जे हसू आलं ते इतरांना येणार नाही. कारण हॅरी म्हणजे चालता-बोलता रिसीव्हर. जेवताना, मुलीशी बोलताना, कधीही सिग्नल येणार आणि याने हातातलं टाकून तो घ्यायचा. मीही तसाच होतो. ताटावर बसलो की कुणाच्या तरी घरचा जोड सुटलाच म्हणून समजा.

पुढे इंटरनेट आलं, आम्ही केबलवाले फायबरवाले झालो (केबल डिजिटल करायच्या सरकारी मोहिमेत सोलापूर दुसऱ्या टप्प्यात होतं, २०१३ पासून सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हाच जुना धंदा संपला होता), आणि या जातीच्या जुन्या मालिका मी शोधशोधून पाहिल्या. पाहताना एक गोष्ट डोक्यात पक्की होत गेली. यात अवकाश वगैरे नावालाच असतं. यातली प्रत्येक मालिका भाडेकरूची आहे.

सुरुवात १९६३ ला. सीबीएस वाहिनीवर ‘माय फेव्हरिट मार्शन’. एक तरुण वार्ताहर, टिम, बिल बिक्स्बीने केलेला. त्याला पडलेल्या यानातून एक मंगळवासी सापडतो. हा मंगळवासी मानववंशाचा अभ्यासक आहे आणि त्याच्या मते पृथ्वी हा एक मागासलेला ग्रह. म्हणजे आपण त्याचे आदिवासी! त्याच्या डोक्यामागून दोन अँटेना वर येतात, बोट उचललं की वस्तू हलतात, वाटलं तर तो अदृश्य होतो. हे सगळं खरं, पण यान दुरुस्त होईपर्यंत राहायचं कुठे? टिमच्या खोलीवर. आणि टिम स्वतः मिसेस ब्राउन नावाच्या बाईंचा भाडेकरू. तेव्हा मंगळावरून आलेला हा इसम रातोरात टिमचा काका होतो. अंकल मार्टिन. पुढे १९६६ पर्यंत, शंभरावर भाग, सगळा खेळ एवढाच: घरमालकीण जिना चढून आली, काकाच्या अँटेना खाली घ्या.

हे बघितलं आणि मला अशोक चौकाकडची एक मावशी आठवली. तिच्याकडे कनेक्शन एक, पण खालच्या जोडातून दुसरी वायर माडीवर गेलेली. मी म्हटलं, मावशी, वर भाडेकरू ठेवलाय का? दुसऱ्या टीव्हीचे वेगळे पैसे पडतील. ती म्हणाली, “भाडेकरू कुठला बे, माझ्या बहिणीचा पोरगा हाय.” तेवढ्यात बहिणीचा पोरगा टॉवेल गुंडाळून खाली आला. त्याला ना मराठी येत होती, ना मावशीची तेलुगू. मला बघून तो हिंदीत काहीतरी पुटपुटला, आणि ती हिंदीही आपल्या दखनी वळणाची नव्हती, पार गंगेकडची होती. मी विचारलं, मावशी, मग तुम्ही दोघं कुठल्या भाषेत बोलता? ती म्हणाली, “बोलत नाही की. लई शांत हाय पोरगं.”

यावर काय बोलणार? वायर तशीच ठेवली.

तेव्हा गल्लीला तुम्ही कुठल्या ग्रहावरचे याच्याशी काही देणंघेणं नसतं. कुणाचे कोण, एवढं सांगा. नातं सांगितलं की अँटेनासकट चालता. अमेरिकेतली गल्लीही तशीच निघाली. आणि आपल्याला हे काही नवं नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, त्यात घरमालकिणीला जोडपीच हवी असतात म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. तिथे परग्रहावरून कुणी आलेलं नाही, पण पोटातली भीती तीच: मालकीण दार वाजवतेय.

मंगळवाला चालला म्हटल्यावर अमेरिकन वाहिन्यांनी सपाटाच लावला. १९६४ ला चेटकीण बायको, १९६५ ला बाटलीतली जिनी. या दोघी पुढे सोनीवर हिंदी बोलत आपल्या घरांत आल्या, तशीच स्टार प्लसवर ‘स्मॉल वंडर’मधली यंत्राची मुलगी. तिची तर पूर्व भागात पोरासोरांना चटक लागली होती. संध्याकाळी मागांच्या खडखडाटात टीव्हीचा आवाज पूर्ण वर केलेला असायचा आणि रस्त्यावरून जाताना प्रत्येक दारातून तीच मुलगी ऐकू यायची.

आता ‘मॉर्क अँड मिंडी’. सप्टेंबर १९७८, एबीसी. मॉर्क आधी ‘हॅपी डेज’ या दुसऱ्याच मालिकेच्या एका भागात येऊन गेला होता. गॅरी मार्शल या निर्मात्याच्या मुलाला अवकाशातले सिनेमे आवडायचे, त्याच्या हट्टापायी तो भाग झाला असं सांगतात. निवडीच्या वेळी ‘बसा’ म्हटल्यावर रॉबिन विल्यम्स खुर्चीत डोक्यावर उभा राहिला आणि काम घेऊन गेला. मॉर्क बोटाने पाणी पितो, अंड्यासारख्या यानातून येतो, आणि त्याच्या ग्रहावर विनोदाला बंदी असल्याने याची पृथ्वीवर बदली झालेली असते. मिंडी त्याला आपल्या घरात ठेवून घेते. १९७८ साली एकटी मुलगी अनोळखी बाप्याला घरात ठेवते म्हटल्यावर तिच्या वडिलांचं जे व्हायचं ते होतं, आणि वडिलांचा तो संताप मला परग्रहापेक्षा जास्त खरा वाटला.

पण या मालिकेतलं माझं आवडतं माणूस पडद्यावर दिसतच नाही. विल्यम्स ठरलेलं सोडून कधी कुठे धावेल याचा नेम नसायचा. स्टुडिओत प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी चित्रण करायची रीत. याच्यासाठी चौथा कॅमेरा आणावा लागला, फक्त याच्या मागे फिरायला. त्या चौथ्या कॅमेऱ्यावरच्या माणसाची मला दया येते आणि हेवाही वाटतो. पहिल्या वर्षी मालिका अमेरिकेत पहिल्या तिनांत होती. मग वाहिनीने तिचा वार बदलला, गोष्टीत लुडबूड केली आणि १९८२ ला ती संपली. वार बदलला की माणसं तुटतात, हे त्यांना आमच्यातल्या कुठल्याही पोराने फुकट सांगितलं असतं.

‘अॅल्फ’बद्दल लोक फार हळवे होतात. मी होत नाही. १९८६ ते १९९०, एनबीसी. केसाळ, लांब नाकाचा, मांजरं खायला टपलेला मेल्मॅक ग्रहावरचा बाहुला. त्याला काका म्हणून खपवायची सोयच नाही, म्हणून टॅनर कुटुंब त्याला स्वयंपाकघरात लपवतं. घंटी वाजली की तो ओट्यामागे. चार वर्षं तेच. बाहुला जिवंत करायची कारागिरी मात्र नमस्कार करावा अशी. पूर्ण सेट जमिनीपासून उंच बांधलेला, जागोजागी खाली उघडणारी झाकणं, आणि खाली बसून पॉल फुस्को हात वर करून त्याला नाचवायचा, आवाजही त्याचाच. प्रेक्षक समोर बसवणं शक्यच नव्हतं. हशा नंतर चिकटवलेला. घरातल्या बापाचं काम करणारा मॅक्स राइट या सगळ्याला वैतागला होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मला तर वाटतं, मालिकेतला सगळ्यात अस्सल अभिनय तोच.

दोन गोष्टींसाठी मी अॅल्फला माफ करतो. एक, तो या घरात येतो तो सिग्नलमुळे. टॅनरला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा नाद; त्याच्या लहरींचा माग काढत यान येतं आणि गॅरेजवर आदळतं. धंद्यातल्या माणसाला हे कारण पटतं. दुसरी गोष्ट, त्याचा ग्रह का फुटला? सगळ्यांनी एकाच वेळी हेअर ड्रायर लावले म्हणून. मी हे ऐकलं तेव्हा खुर्चीतून पडायचा बाकी होतो. एप्रिलच्या दुपारी गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की डीपीतून जो आवाज येतो तो ज्याने ऐकलाय, त्याला मेल्मॅकचं काय झालं ते समजावून सांगायला नको. लोक याला विनोद म्हणतात!

अॅल्फचा शेवट मात्र वाईट. मार्च १९९० च्या भागात त्याला न्यायला त्याच्या जातभाईंचं यान येतंय आणि तेवढ्यात सरकारी पथक त्याला घेरतं. पाटी येते, ‘पुढे चालू’. पुढे काही चालू झालं नाही. वाहिनीने मालिकाच बंद केली. सहा वर्षांनी एक टीव्हीपट काढून त्याची सोडवणूक केली, त्यात टॅनर कुटुंबातलं कुणीच नव्हतं. पोरांना असं मध्येच लटकवून ठेवणाऱ्याच्या घराची वायर मी तोडली असती.

आता ‘थर्ड रॉक’ मला या सगळ्यांत वरचं का वाटतं ते सांगतो. मंगळवाल्याचं गुपित टिमला माहीत, मॉर्कचं मिंडीला, अॅल्फचं टॅनर घराला. म्हणजे घरात एक शहाणा माणूस असतो आणि आपण त्याच्या शेजारी बसून पाहुण्याला हसतो. थर्ड रॉकमध्ये असा शहाणा नाहीच. चौघांचं गुपित कुणालाच माहीत नाही. ते मिसेस डुबचेकबाईंच्या माळ्यावर भाड्याने राहतात, एका ट्रकवर वाचलेलं सॉलोमन हे आडनाव लावतात, रात्री गच्चीवर बसून दिवसभरात माणसांनी काय केलं याचा अर्थ लावतात. आपण त्यांच्याबरोबर गच्चीवर. तिथून बघितलं की वाढदिवस का करतात, मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच का बोलतात, थँक्यूला उत्तर द्यायलाच का लागतं, हे आपल्यालाही सांगता येत नाही. मार्शनमध्ये परका विचित्र होता. तीस वर्षांनी त्याच खुर्चीवर आपण.

आणि चौघे एकमेकांचेही खरे कुणी नाहीत! साहेब आणि हाताखालची माणसं. पण माळा भाड्याने मिळावा म्हणून कुटुंब झाले, नि निभावता निभावता खरंच एकमेकांवर रुसायला लागले. लिथगोला या कामासाठी टीव्हीतले मानाचे एमी पुरस्कार तीनदा मिळाले ते अंगविक्षेपांसाठी नव्हे, असं माझं मत. मोठा साहेब म्हणून पुढे विल्यम शॅटनर येतो तो भाग मुद्दाम बघा. इतकी वर्षं नुसते निरोप पाठवणारा साहेब प्रत्यक्षात कसा निघतो, हे नोकरी केलेल्या कुणालाही लगेच ओळखू येईल.

शेवट मे २००१ चा. परत बोलावणं येतं. डिक मेरीला, म्हणजे ज्या प्राध्यापिकेवर त्याचा जीव जडलाय तिला, सगळं खरं सांगतो. तिला जाववत नाही. तिला त्रास नको म्हणून तो तिच्या आठवणीतून स्वतःला पुसून टाकतो आणि चौघे निघून जातात. वेगळा शेवटही काढून ठेवला होता, त्यात तो परत येऊन तिला घेऊन जातो. मला पहिलाच पटतो. फक्त एक शंका राहते. मेरीची आठवण पुसली ते ठीक, पण मिसेस डुबचेकबाईंना त्या महिन्याचं भाडं दिल्याचं मला काही आठवत नाही.