फेव्हिकॉल उघडण्याआधी

खुर्ची जोडायची तर फेव्हिकॉलचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा. आधी सगळे भाग कोरडेच बसवून, शिकंजे आवळून बघायचे. एकदा गोंद लागला की हातात जेमतेम दहा मिनिटं उरतात, आणि पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी गच्चीवर तेवढीही नाहीत. म्हणून हे काम मी सकाळी उन्हं यायच्या आत उरकते. डावा पाय कुठला, उजवा कुठला, यावर त्या घाईत डोकं चालत नाही; पेन्सिलीने आकडे आधीच टाकलेले बरे.

लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधलं, साग. सागात तेल असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. कुसवं, म्हणजे भोकात बसणारी पट्ट्यांची निमुळती केलेली टोकं, थिनरच्या फडक्याने पुसून लगेच जोडायला घेतली.

अख्खी खुर्ची एका दमात जोडायच्या फंदात मी पडत नाही. आधी मागची चौकट, मग पुढची, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींच्या मध्ये बाजूच्या पट्ट्या. गोंद भरपूर लावायचा तो भोकाच्या आतल्या भिंतींना; कुसवाला नुसता हात. उलट केलं तर कुसू आत जाताना सगळा गोंद बाहेरच खरवडला जातो. आणि सांधा सैल असेल तर भुसा कालवून भरलेली लापशी तो धरून ठेवत नाही, मिस्त्री काहीही म्हणोत.

शिकंजे आवळायला नवरा होता. ‘आवळ’ म्हटलं की हा जीव खाऊन आवळतो. अरे, सगळा गोंद पिळून बाहेर आला तर आत काय राहणार?

माझी बैठक मागे अरुंद आहे, त्यामुळे तिथे काटकोन तपासायचा गुण्या कामाचा नाही. दोरीने दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही बाजू सारख्या तिरक्या असतील तर कर्णही सारखेच येतात. एक जास्त भरला तर त्याच दिशेने शिकंजा जरा तिरका करून आवळायचा.

बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायचा मोह मी टाळते. पातळ होऊन तो रेषांत मुरतो आणि पॉलिशनंतर तिथे फिकट डाग उठतात. रबरासारखा झाला की पटाशीने सोलून निघतो.

रात्रभर शिकंज्यात ठेवून सकाळी खुर्ची सोडवली. डुलते का हे बघायला घरात खात्रीची सपाट जागा एकच, कडाप्प्याचा ओटा. चारही पाय टेकले. आई मागे उभीच होती.

“ओट्यावर पाय? खुर्चीचे असले म्हणून काय झालं?”