अर्धी बादली

इंदुरात आमच्या रामबागेतल्या घरी नर्मदा एक दिवसाआड येते. म्हणजे नळ येतात. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून ती 1978 साली पहिल्यांदा शहरात आली. अजूनही माहेरवाशीण यावी तसं तिचं येणं. सगळं घर भांडी घेऊन धावतं.

त्या धावपळीत मला अण्णा दिसतात. माझे थोरले काका, नौदलात स्टोकर होते, म्हणजे बोटीचे बॉयलर सांभाळणारे. समुद्राचं तोंडही न पाहिलेला मुलगा बोटीवर कसा पोचला, हे त्यांनी कधी धड सांगितलं नाही. काळी पत्र्याची ट्रंक घेऊन रजेवर आले की गल्लीतलं कुणीतरी विचारायचंच, "क्यों भिया, जहाज किधर लगाया?" अण्णा शांतपणे म्हणायचे, "सिरपूर के तालाब में."

लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकून ते 'विक्रांत'च्या बॉयलर रूममध्ये गेले. 4 डिसेंबर 1971 ला 'विक्रांत'वरची विमानं पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर तुटून पडली, तेव्हा अण्णा तिच्या पोटात होते. चारांतला एक बॉयलर तडकलेला, उरलेल्या तिघांना जपत बोट हाकायची. आम्ही पोरं विचारायचो, "अण्णा, युद्ध पाहिलंत?"

"गेज पाहिलं," अण्णा म्हणायचे. "पाण्याचं."

बॉयलरमधलं पाणी खाली गेलं की नळ्या जळतात, म्हणून त्या काचेवरून डोळा हलवायचा नाही. आणि पाणी कुठलं, तर समुद्राचंच, उकळून, वाफ थंड करून गोडं केलेलं. पण त्यावर पहिला हक्क बॉयलरचा. त्याला क्षार सोसत नाही, नळ्यांवर थर धरतो. अंघोळीचा नंबर सगळ्यात शेवटी.

घरी कायमचे आले तरी त्यांची अंघोळ अर्ध्या बादलीचीच राहिली. दोन तांबे, साबण, चार तांबे, संपलं. उरलेल्यात गंजीफ्रॉक खळबळून ते पाणी जास्वंदीला. (तुळशीला साबणाचं घालायचं नाही, अशी काकूची ताकीद होती.) नळ आले की आधी स्वयंपाकघरातला पिंप, मग मोरी. "बॉयलर फर्स्ट!" असं ओरडत ते पाइप ओढायचे. त्यातला बॉयलर आपण, हे काकूला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

चुलतबहिणीची तिपेडी वेणी मात्र तेच घालायचे. लहानपणी ती त्यांना 'पाहुणे' म्हणायची, त्याची ही भरपाई असावी. वेणी दोरखंडासारखी घट्ट. संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही, आणि तिच्या भुवया वर ओढलेल्या.

'विक्रांत' 1997 मध्ये निवृत्त झाली, मग मुंबईत तिचं संग्रहालय झालं, आणि 2014 मध्ये ती तोडायला काढली. बातमी वाचून अण्णांनी पेपराची घडी घातली. "बॉयलर कसे काढले असतील रे?" एवढंच विचारलं. मला काय माहीत असणार!

ते गेले त्या पहाटे नेमके नळ आले होते. अंगणात शेवटची अंघोळ घालायची म्हणून भावानं दोन बादल्या काठोकाठ भरून आणल्या. काकू भिंतीला टेकून बसली होती. बादल्यांकडे बघत म्हणाली, "एक परत ने. आणि ही अर्धी कर, रागावतील."