"कायम झालीस काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमी तोच असतो: "तुमचं प्रोबेशन दोनदा वाढवलं, तरी तुम्ही ती नोकरी सोडली का नाही? आणि ते दिवस काढले कसे?" लॅबमध्ये ट्रेनी म्हणून येणाऱ्या मुली विचारतात, नात्यातली मुलं विचारतात. मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या केएमटी बसमध्ये शेजारी बसलेल्या एका मुलीनं विचारलं, आणि तिचा आवाज ऐकूनच मला कळलं की तसलंच पत्र तिच्याही पर्समध्ये आहे. दोन वाक्यांत उत्तर देणं मला कधीच जमलेलं नाही.

मी केमिस्ट. शिवाजी विद्यापीठाची बीएस्सी, मग उद्यमनगरातल्या एका लहान टेस्टिंग लॅबमध्ये सहा वर्षं. फेब्रुवारी 2019 मध्ये शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, लागले. पगार सात हजारांनी जास्त, लॅब मोठी, मशीन नवीन. प्रोबेशन सहा महिने. आमच्याकडे नवी नोकरी धरली की लोक पगार नंतर विचारतात, आधी विचारतात, "कायम झालीस काय?"

त्या 'कायम'ला आमच्या घरात फार वजन होतं. आबा, माझे वडील, गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कुणी कायम माणूस आला नसेल तर आत घेणार, नाहीतर घरी परत. भरलेला डबा तसाच परत आला की आई एक शब्द बोलायची नाही. दुपारी तीच भाकरी आणि तोच झुणका आम्ही भावंडं वाटून खायचो. त्यामुळे माझं पत्र आलं तेव्हा आबांनी पहिला प्रश्न विचारला तो सहा महिन्यांचाच.

नोकरीत मला कुणी छळलं असं मी म्हणणार नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर ओरडलं नाही. पण पाचव्या महिन्यातही मी 'नवीन मॅडम'च होते. स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या मशीनचा, पासवर्ड मला दिलेला नव्हता. सॅम्पल मी तयार करायचं, आकडे दुसऱ्यानं बघायचे. आता हे सॅम्पल म्हणजे काही हमाली नव्हे. भट्टीतलं लोखंड चमच्यानं काढून तांब्याच्या साच्यात ओतायचं, म्हणजे ते झटक्यात गार होऊन पांढरं गोठतं. पांढरंच लागतं. सावकाश गार झालं तर कार्बन ग्रॅफाइट होऊन सुटा पडतो आणि मशीन कार्बनचा आकडा चुकीचा दाखवतं. मग ते ग्राइंडरवर सपाट घासायचं, त्यावर बोटसुद्धा लागू द्यायचं नाही, आणि मशीनवर ठेवायचं. आर्गॉन गॅसमध्ये ठिणगी पडते आणि थोड्या सेकंदांत कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, गंधक, सगळे आकडे पडद्यावर. इतकं सगळं करून मी बाजूला सरकायचं आणि दुसरा कुणी पडदा बघायचा. सहा वर्षं ज्या कामात माझ्या सहीनं रिपोर्ट बाहेर जायचे, त्याच कामात हे. रोज थोडं थोडं आत काहीतरी झिजत होतं.

जुलैत पावसानं कोल्हापूरला झोडपलं. फाउंड्रीत पावसाळा म्हणजे वाळूची परीक्षा. साच्याच्या वाळूत पाणी किती हे दर तासाला बघावं लागतं. एका छोट्या बंद डब्यात मोजून वाळू आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड घालून डबा हलवायचा. पाणी आणि कार्बाइड मिळून ॲसिटिलीन वायू होतो, त्याच्या दाबानं काटा फिरतो आणि ओलाव्याची टक्केवारी कळते. आमच्या लाइनला 3.2 ते 3.6 लागायचा. त्या संध्याकाळी काटा 4.3 वर गेला. मी पुन्हा केलं, तोच आकडा. पळत जाऊन मोल्डिंगच्या सुपरवायझरना सांगितलं. ते "बरं" म्हणाले. लाइन चालू राहिली. पुढच्या आठवड्यात त्या पाळीच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागांत, ब्लो होल निघाले, वाळूतल्या पाण्याची वाफ होऊन धातूत अडकलेली भोकं. मीटिंगमध्ये ठरलं काय, तर लॅबनं कळवलं नाही.

मी सांगितलं होतं. पण कुठे लिहिलं नव्हतं.

सँड प्लांटवरचे एक काका, निवृत्तीला आलेले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तोंडी सांगून काय उपेग न्हाई. लिवून द्या आन् सई घ्या." हे मी दुसऱ्यांना शिकवत आलेली गोष्ट. रजिस्टरमध्ये नसलेला आकडा हा आकडाच नसतो. तरी नव्या जागी संकोचापोटी ती मी सोडली होती. दुसऱ्या दिवसापासून मी माझी एक दोनशे पानी वही सुरू केली: तारीख, वेळ, आकडा, कुणाला कळवलं, त्यांची सही.

मग ऑगस्ट. 2019 चा महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, आणि पाणी गेलं 55 फुटांच्या पुढे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली. शहर या बाजूला, कंपनी त्या बाजूला. कित्येक दिवस मी जाऊ शकले नाही, कुणीच जाऊ शकत नव्हतं. आमच्या घरात पाणी शिरलं नव्हतं, पण आत्याचं कुटुंब आमच्याकडे आलेलं होतं, चौदा माणसं दोन खोल्यांत. पाणी ओसरल्यावर कामावर गेले तर टेबलावर पाकीट: प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलंय. कारण दोन ओळींत, कामगिरी अपेक्षेप्रमाणे नाही आणि हजेरी असमाधानकारक.

ती हजेरीची ओळ वाचून मला जे वाटलं ते आजही नीट शब्दांत सांगता येत नाही. त्या दिवशी लेडीज टॉयलेटमध्ये नळ सोडून मी रडले. घरी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आबांना तर नाहीच. रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. पूर्वी रविवारी आम्ही रंकाळ्यावर जायचो, मुलाला भेळ आवडते. त्या दोन महिन्यांत मी दर रविवारी डोकं दुखतंय म्हणून घरी पडून राहिले. तुम्ही "कसे काढले" असं विचारता तेव्हा मला हे आधी सांगावंसं वाटतं, की सुरुवातीला मी ते काढलेच नाहीत. नुसती वाहत होते.

सावरले ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे जुन्या लॅबचे फोन. तिथे माझ्या जागी आलेला मुलगा अडला की मला विचारायचा, "ताई, या सॅम्पलचा गंधक जास्त का येतोय?" मी स्वयंपाक करता करता सांगायची आणि थोड्या वेळानं त्याचा पुन्हा फोन, "बरोबर आलं, ताई." ज्या हातांना शिरोलीत कुणी मशीनला लावू देत नव्हतं, त्याच हातांना इथे कुणीतरी विचारत होतं. तुमचं काम ओळखणारं एक तरी माणूस त्या काळात धरून ठेवा, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

दुसरी गोष्ट लॅबमध्येच सुचली. भिंतीवर लोखंडाच्या प्रत्येक ग्रेडचा तक्ता लावलेला असतो: कार्बन एवढा ते एवढा, सिलिकॉन एवढा ते एवढा. हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेलं लोखंड, त्या रेंजमध्ये बसली नाही तर कुठला आकडा किती चुकलाय ते आम्ही भट्टीवाल्यांना सांगतो. "हीट अपेक्षेप्रमाणे नाही" एवढंच लिहिलेली चिठ्ठी मी भट्टीवर पाठवली असती तर माणसं माझ्यावर धावून आली असती. आणि मला नेमकी तशीच चिठ्ठी मिळाली होती. माझा तक्ताच कुणी लावलेला नव्हता.

मी इन-चार्जना आणि एचआरला मेल केला. पाच ओळींचा. कुठल्या कामात कमी पडले, किती व्हायला हवं आणि ते कोण, कधी बघणार, हे कृपया लेखी कळवावं. हजेरीबद्दल पुराच्या तारखा आणि रस्ता बंद होता एवढंच लिहिलं, तक्रारीचा एक शब्द नाही. आठवडा उत्तर नाही. मी पुन्हा पाठवला. मग बोलावलं. इन-चार्ज चिडलेले होते, "लेखी कशाला, रोज समोर असता की." मी वही उघडून ठेवली. जुलैच्या त्या संध्याकाळचं पान त्यात नव्हतं, ते नव्हतंच. पण नंतरची सगळी पानं होती, सह्यांसकट. त्यांनी पानं उलटली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "स्पेक्ट्रो तुम्ही एकट्या चालवून दाखवा. महिनाभर." पासवर्ड त्या दिवशी मिळाला.

तरी नोव्हेंबरात प्रोबेशन आणखी तीन महिन्यांनी वाढलं. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो, पण मला दुसरं पत्र पहिल्यासारखं लागलं नाही. त्यात तीन मुद्दे नावानिशी लिहिलेले होते. आणि तोवर मी एका वकिलांना माझं नेमणूक पत्र दाखवून आले होते. त्यांनी जे सांगितलं ते मला आधी ठाऊक असतं तर ऑगस्टमध्ये इतकी घाबरले नसते. मुदत संपली म्हणजे आपण आपोआप कायम झालो असं सहसा होत नाही, पत्र मिळेपर्यंत प्रोबेशन चालूच धरतात. पण नियमात किंवा पत्रात प्रोबेशनची कमाल मर्यादा लिहिलेली असेल आणि ती उलटूनही कामावर ठेवलं असेल, तर चित्र बदलतं. सरकारी नोकरीतल्या धरम सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1968 मध्ये असंच म्हटलेलं आहे, तिथे नियमातली कमाल मर्यादा तीन वर्षांची होती. माझ्या पत्रात वाढीची मर्यादा सहा महिने होती. म्हणजे फेब्रुवारी 2020 च्या पुढे हे ताणता येणार नव्हतं. ज्या दिवसांना शेवटची तारीख असते ते दिवस वेगळे जातात.

आणखी काही गोष्टी त्याच भेटीत कळल्या, त्या मुलींना मी आवर्जून सांगते. प्रोबेशनवर आहोत म्हणून पीएफ थांबत नाही, दर महिन्याला पासबुक उघडून बघा. ग्रॅच्युइटीसाठी नोकरी मोजतात ती रुजू झाल्या दिवसापासून, कायम झाल्यापासून नव्हे. बाळंतपणाच्या रजेसाठी आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं लागतं, कायम असणं लागत नाही. आणि आपलं पत्र आपण शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं नसतं. माझ्या पत्रात प्रोबेशनमध्ये नोटीस पंधरा दिवसांची होती, कायम झाल्यावर दोन महिन्यांची. म्हणजे त्यांना जसं मला काढता येत होतं, तशी मलाही ती नोकरी सोडता येत होती, आणि तेही पंधरा दिवसांत. मी रविवारी अर्ज पाठवू लागले, गोकुळ शिरगावला एक आणि कागलला एक मुलाखत देऊन आले. कागलची नोकरी मिळत होती, पण रात्रपाळी होती आणि मुलगा लहान. नाही म्हटलं. पण ते 'नाही' मी म्हटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी शिरोलीच्या बसमध्ये चढताना पाय तेवढे जड नव्हते.

सोडली का नाही, याचं उत्तर एवढंच. काम मला आवडत होतं, माणसं आवडत नव्हती, आणि तारीख ठरलेली होती. काम आवडत नसतं, किंवा कुणी अपमान केला असता, तर मी थांबले नसते आणि तुम्हालाही थांबा म्हणणार नाही.

आबांना मी डिसेंबरात सांगितलं. ते रागावतील किंवा काळजी करतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "रोज आत घेतात न्हवं?" मी म्हटलं, हो. "मग डबा परत आणू नकोस," म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कायम झाल्याचं पत्र आलं. महिन्याभरात लॉकडाऊन लागलं. त्या नोकरीत मी आणखी दीड वर्ष राहिले, मग गोकुळ शिरगावला आले. आता लॅब माझ्याकडे आहे. जूनमध्ये एक नवी मुलगी आली, इचलकरंजीची, पहिलीच नोकरी. पहिल्या दिवशी मी तिच्या हातात एक कागद दिला: कुठल्या महिन्यात कुठलं मशीन एकटीनं चालवता यायला हवं, किती फरक चालेल, दर महिन्याला आपण दोघी कधी बसणार. तिनं तो दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "मॅडम, यात बसले नाही तर?"

"तर तिसऱ्या महिन्यात सांगेन," मी म्हटलं, "सहाव्यात नाही. आणि लिहून देईन." तिनं कागदाची घडी घातली, ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि विचारलं, कार्बाइडचा डबा कुठे ठेवतात?