दुसरा कंट्रोलर

'इट टेक्स टू' एकट्याने खेळताच येत नाही. २०२१चा हा गेम मी आणि ताईने एकाच सोफ्यावर, स्क्रीन अर्धा-अर्धा वाटून संपवला. एका टप्प्यात माझ्याकडे खिळे, तिच्याकडे हातोडा. मी भिंतीत खिळा मारायचा, तिने त्याला लटकून झोका घ्यायचा. खिळा मी भलत्या वेळी परत बोलावला की ताई थेट खाली! मग माझ्या बरगडीत तिचं कोपर. ऑनलाइन खेळताना हे कोपर मिळत नाही, हीच माझी तक्रार.

तसं बघायला गेलं तर १९५८ साली भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हिगिनबॉथमने ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, दाखवलेला 'टेनिस फॉर टू' हा गेमसुद्धा दोघांचाच होता.

आमच्या दुसऱ्या कंट्रोलरची डावी स्टिक, म्हणजे पात्राला चालवणारी दांडी, हल्ली आपोआप सरकते. ताई म्हणते, त्यामुळेच ती पडते. साफ खोटं. त्या दिवशी तो कंट्रोलर माझ्या हातात होता.